तांब्याची तार

तांब्याच्या तारेचा दुहेरी पीळ, टोकं आत वळवलेली, म्हणजे कुणाला ओरखडा नको.

गाडीची चालकाच्या बाजूची काच. वर राहते ती चिकटपट्टीच्या भरवशावर.

“ताई, ती गाडी नाही, पांढरा हत्ती आहे,” हे धाकट्या भावाचं म्हणणं.

चष्म्याच्या दुकानात काचा घासून खरखरीत झालेली थोरल्या बहिणीची दहा बोटं.

मागचे पाय दुमडून बसलेल्या कुत्र्यासारखी, अंगणात बसलेली एक लांबलचक काळी गाडी.

तर गाडी बसली होती. वडील, म्हणजे अप्पा, गेले आणि ती थोरली आणि धाकटा अशा दोघांच्या नावावर आली, तिथून हे घोडं अडलेलं. एके काळी तिच्याकडे बघायला गल्ली थांबायची. आता खालून तेल ठिबकायचं, पुढून पाणी, आणि हे बसणं तर वेगळंच. या गाडीला स्प्रिंगा नव्हत्या. चार चाकांवर हवेचे चार रबरी फुगे, आणि त्यांत हवा भरणारा एक पंप. अप्पांनी मागचे फुगे दोनदा बदलले होते. आता पंपानेही मान टाकली.

धाकट्याने भंगारवाला ठरवून टाकला होता. “रविवारी जेवायला ये,” तो फोनवर म्हणाला. “माझ्या घराचा चढ गाडी आपल्या पायांनी चढली तर पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही चढली तर भंगाराच्या कागदावर सही कर.”

“बायकोला सांग, भात जास्त टाक,” थोरली म्हणाली. “येताना भूक लागेल.”

बोलून तर बसली. मग मिस्त्रीला अंगणात घेऊन आली.

मिस्त्री जॅक लावून गाडीखाली सरपटला, बाहेर आला, हात पुसत राहिला. “बाई, नव्या पंपाच्या पैशात अशी अख्खी गाडी मिळेल. आणि बसवलात तरी हाही जळणार. कारण वेगळंच आहे. या, दाखवतो.”

थोरलीने पदर खोचला आणि फळकुटावर आडवी होऊन खाली गेली. मागच्या चाकाशी बोटभर दांडी होती. गाडी किती खाली बसलीय ते पंपाला हीच कळवायची. कुणीतरी ती तारेने करकचून बांधली होती.

“म्हणजे ही सारखी ओरडतेय, बसले, बसले,” मिस्त्री म्हणाला. “गाडी नीट उभी असली तरी. पंपाला बिचाऱ्याला दम खायला सवड नाही. कुणा दीडशहाण्याचं काम आहे देव जाणे.”

थोरलीने हातातली बॅटरी जवळ नेली. दुहेरी पीळ. टोकं आत वळवलेली. घरातली गळकी तोटी अशीच बांधलेली होती, पडद्याची दांडी, धाकट्याची शाळेची पेटीसुद्धा. गाडी खाली बसलेली अप्पांना बघवायची नाही. त्यांनी तिला कायमची उभी राहायला लावली होती.

तिने तार सोडवली आणि मुठीत धरली.

“साध्या स्प्रिंगा बसतील?”

“लोखंडी?” मिस्त्रीने कपाळाला हात लावला. “बसवीन. स्वस्तातही पडेल. पण मग ती ही गाडी राहणार नाही, बाई. खड्डा न् खड्डा मोजाल. आणि स्टिअरिंगमागचा लाल दिवा जन्मभर पेटलेला राहील. हवा शोधत बसेल ती.”

“बसू दे शोधत. चारही बसवा.”

रविवारी चढाच्या टोकाला धाकट्याच्या दारात भंगारवाल्याचा ट्रक साखळ्या सोडून उभा होता. ट्रकवाला टायरला टेकून दात कोरत होता. थोरलीने पहिला गिअर टाकला. गाडी कुरकुरली, खडखडली, चिकटपट्टी सुटून काच खाली गेली, आणि ती चढ चढून थेट ट्रकच्या नाकाशी येऊन उभी राहिली. सरळ.

धाकटा आत डोकावला. “ताई, दिवा पेटलाय.”

“दिसतोय मला.”

तिने दुसरं दार उघडलं. “बस, एक चक्कर मारू.” तो बसला. कोपऱ्यावरच्या पहिल्याच खड्ड्याला त्याचं डोकं छताला लागलं.

“ही काय गाडी झाली? बैलगाडी केलीस तू तिची. अप्पांनी हिला फुलासारखं जपलं होतं.”

थोरलीने तार काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती उलटीपालटी केली. पीळ त्यालाही ओळखू आला. कुठे सापडली, ते तिने दोन वाक्यांत सांगितलं.

“त्यांनाच तर ती बसलेली चालत नव्हती,” ती म्हणाली. “मला चालेल. बसेल, उठेल, खडखडेल. पण सही मी करणार नाही. आज नाही, आणि तू पुढच्या वर्षी विचारशील तेव्हाही नाही.”

धाकटा तार बोटाला गुंडाळत राहिला. पुढच्या खड्ड्याला त्याने आधीच हाताने छत धरलं.

दारात परतल्यावर तिने खाली गेलेल्या काचेतून मान बाहेर काढली. “ओ दादा, ट्रक मागे घ्या. मला गाडी सावलीत लावायचीय.”

ट्रकवाल्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने मान डोलावली.

अप्पांनी ही गाडी घेतली त्या दिवशी शोरूममधून ती घरी चालवत आणली होती थोरलीनेच. अप्पांना तेव्हा चालवता येत नव्हती, आणि धाकटा मागच्या सीटवर झोपला होता.