आठातला एक खांब

गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मागे घेताना दुधाची लॉरी हॅलोबी गावच्या बाजार-क्रॉसवर, म्हणजे बाजारातल्या जुन्या दगडी मंडपावर, आदळली आणि त्या अष्टकोनी मंडपाच्या आठ बाहेरच्या खांबांपैकी एक कोसळला. कोणालाही इजा झाली नाही.

चारशे वर्षांपूर्वी लोणी विकणाऱ्या बायकांना पावसात आडोसा म्हणून तो मंडप बांधला होता. आता तिथे विनिफ्रेड ओल्ड्रॉइड चीज विकते. छप्पर धोक्याचं ठरलं, तर बाजार गावाबाहेरच्या गाडीतळावर जाणार होता. तिची निम्मी गिऱ्हाइकं म्हातारी. तिथवर चालत कोण येणार?

मंडपातली घंटा वाजल्याशिवाय हॅलोबीत कोणी विकत नाही. आठ वाजून गेले, तरी घंटा मंडपाभोवती बांधलेल्या दोरखंडाच्या आत अडकली होती आणि दुकानदार माल मांडून नुसते उभे होते.

"दोन गाजरं तरी दे, कोण बघतंय?" एक म्हातारी म्हणाली.

"मी बघतोय ना," भाजीवाला म्हणाला.

पालिकेचा अभियंता पार्जिटर शिडीवरून उतरला.

"पडणार का रे बाळा?" विनिफ्रेडने विचारलं.

"नाही, बाई. छपराचा भार मधल्या जाड खांबावर आहे. बाहेरच्यांवर फक्त कमानी."

"मग तासभर वर काय घरटं बांधत होतास?"

तो हसला आणि त्यानेच घंटा वाजवली. विनिफ्रेड खोक्यावर मटकन बसली. पहिलं गिऱ्हाईक तिला दिसलंच नाही.

बाजार जागेवरच राहील, असं दुपारी जाहीर झालं. पडलेला खांब सांधायचा की नवा घडवायचा, हे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ठरलं नव्हतं.