नगाऱ्यावरचं फडकं

वाद्यवृंदातले नगारेमास्तर त्या संध्याकाळी निवृत्तीआधीचं शेवटचं वाजवणार होते. रचनाही अशी, की अखेरीस सगळे गप्प होतात आणि तांब्याचे मोठे नगारे एकटेच बोलतात. जन्मभर व्हायोलिनवाल्यांच्या पाठी बघत काढलेल्या माणसाला आणखी काय हवं? तेवढा तुकडा झकास वाजला की आपण सुटलो, असं सांगून त्यांनी बायकोचं डोकं खाल्लं होतं.

दिवसा ते शाळेत वाजवायला शिकवत. नगारे मोठे आगाऊ. शेजारी कोणी तुतारी फुंकली तरी गुणगुणायला लागतात. म्हणून आपली पाळी नसताना त्यांच्यावर फडकं टाकायचं आणि पाळी आली की आधी ते काढायचं. राहिलं, तर गादी झोडपल्यासारखा आवाज! मास्तर वर्गात मनात येईल तेव्हा ओरडत, "फडकं?" की पोरांनी फडकं उंच धरून दाखवायचं. पोरं त्यांची नक्कल करत आणि मास्तरही ती चवीने बघत.

त्या संध्याकाळी वरचा सज्जा जुन्या विद्यार्थ्यांनी भरला होता. कोणाला टक्कल पडलेलं, कोणाच्या मांडीवर मूल. मास्तरांना भरून आलं. मात्रा मोजण्यात ते चुकले नाहीत, ते तर झोपेतही मोजत. पाळी जवळ आली तशा त्यांनी ऐटीत काठ्या उचलल्या. फडकं मात्र जागच्या जागीच.

सज्ज्यातून ते सगळ्यांना दिसलं. ओरडायची सोय नव्हती. मग एक रुमाल वर गेला, दुसरा गेला, कोणाची ओढणी, आणि मूलवाल्याकडे काहीच नव्हतं म्हणून त्याने लाळेरं धरलं. पहिल्या रांगेतल्या बायकोने मागे वळून पाहिलं आणि आपलाही रुमाल उंचावला. हिला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, असं मास्तर लग्नापासून सांगत आले होते.

मास्तरांनी फडकं ओढलं आणि नगारे असे कडाडले की सज्ज्यातलं मूल जागं होऊन टाळ्या पिटायला लागलं.

"मास्तर, ते रुमाल कसले हो हलवत होते?" पडदा पडल्यावर बासरीवालीने विचारलं.

"हजेरी देत होते," मास्तर म्हणाले आणि त्यांनी त्याच फडक्याने डोळे पुसले.