तीन मीटर मागे

फक्कीची ती पांढरी रेष वार्सिनीनेच मारली होती, आणि आता तिलाच त्या रेषेकडे बघवत नव्हतं.

नदीकाठच्या अकरा घरांच्या मागच्या अंगाने ती गेली होती. कुणाच्या मोरीतून, कुणाच्या खुराड्यातून, वार्सिनीच्या तर थेट चुलीवरून. रेषेपासून नदीपर्यंतचं सगळं पाडायचं होतं, आणि पाडणारे होते त्या घरांचे मालकच.

महापालिकेची नोटीस लागून चार महिने झाले होते. पाण्यापासून तीन मीटर जागा मोकळी हवी, नाहीतर सगळी गल्ली उठवून शहराबाहेरच्या सहामजली इमारतींत नेणार. त्या इमारती वार्सिनीने पाहिल्या होत्या. तिची मावसबहीण तिथे चौथ्या मजल्यावर राहायला गेली. टेम्पेच्या आंबवलेल्या वड्यांसाठी सोयाबीन भिजत घातलं की खालचे लोक पाणी ठिबकतं म्हणून वर भांडायला यायचे. वर्षभरात तिने टेम्पे करणंच सोडलं. वार्सिनी विधवा, तिचं पोट त्याच टेम्पेवर. म्हणून विद्यापीठात वास्तुकला शिकवणाऱ्या रतिहची कल्पना तिने उचलून धरली. रतिहचं म्हणणं होतं, आपणच तीन मीटर मागे सरू, मोकळ्या जागेत चालायची वाट करू आणि घरांची दारं नदीकडे काढू. आजवर सगळ्यांची पाठ नदीकडे, म्हणून सगळ्यांचा कचरा नदीत. समोर अंगण आलं की तिथे घाण टाकायला हात धजणार नाही.

महापालिका हे मान्य करेल असं लेखी आहे का, असं बैठकीत कुणीतरी विचारलं. रतिह खोटं बोलली नाही. लेखी काहीच नव्हतं. तरी वार्सिनी दारोदार फिरली आणि दहा घरांनी सह्या केल्या. त्या सह्या रतिहच्या नकाशाकडे बघून नव्हे, तिच्या तोंडाकडे बघून केल्या होत्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सोमवारपर्यंत दहा घरांच्या मागच्या भिंती पडल्या. गुरुवारी पाहणीला महापालिकेचे साहेब येणार होते. गल्लीत मोठ्या बायकांना बू म्हणत; विटांच्या ढिगाऱ्यावर बसलेल्या बू तार्मीने वार्सिनीला जाता जाता ऐकवलं, "माझी मोरी तर गेली. उद्या त्यांनी घरही पाडलं, तर तुझ्याकडे अंघोळीला येईन हं, बू. रोज. सहकुटुंब."

वार्सिनी हसली. पण मन थाऱ्यावर नव्हतं; त्या दिवशी उघड्यावरच्या चुलीवर शिजवलेलं सोयाबीन तिने न निववता गरमच पानांत बांधलं. दोन दिवसांनी उघडलं तर सगळं टेम्पे काळं पडलेलं. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

अकरावं घर म्बाह कार्सोंचं, तिच्या भिंतीला लागूनच. सगळी गल्ली त्यांना आजोबा म्हणून म्बाह म्हणायची. छत्र्या दुरुस्त करून ते घर चालवत. त्यांनी सही केली नव्हती, आणि एक घर जरी वाटेत उभं राहिलं तरी ती वाट नव्हती. मंगळवारी वार्सिनी त्यांच्याकडे गेली. त्यांनी शांतपणे चहा ओतला आणि तिला रेषेपलीकडे जाणाऱ्या मागच्या खोलीत नेलं. तिथे त्यांची बायको सिनेम तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. उजवं अंग गेलेलं. पुढची खोली इतकी चिंचोळी, की तिथे छत्र्यांचा पसारा आणि म्बाहंची चटई एवढंच मावत होतं.

"तू तुझी चूल दुसरीकडे मांडशील," म्बाह म्हणाले. "हिला कुठे मांडू?"

वार्सिनी घरी परतली. ती उरलेल्या एकुलत्या खोलीत बसून राहिली. तिची टोपली, तिचा पलंग, नवऱ्याचा फोटो. मधली भिंत एका विटेची होती. पलीकडे म्बाह बायकोला कूस बदलायला मदत करताना पुटपुटत होते, ते ऐकू येत होतं.

बुधवारी उजाडताच ती परत गेली. मधल्या भिंतीला दार पाडू, सिनेमला माझ्या खोलीत आणू, मी पोटमाळ्यावर झोपेन, असं तिने सांगून टाकलं. गल्लीच्या टोकाला सगळ्यांसाठी शेड घालायची होती, टेम्पे तिथे करता येईल. म्बाहंनी मान खाली घातली. बायकोला परक्याच्या घरात ठेवायची त्यांना लाज वाटत होती. मग वार्सिनीने सिनेमलाच विचारलं. सिनेमचं बोलणं अडखळत यायचं, तरी दोघांना नीट कळलं.

"मला विचारलं, हेच पुष्कळ," ती म्हणाली. "न्या."

संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली पहारी घेऊन राबली. बू तार्मीसुद्धा तोंडाचा पट्टा चालू ठेवून विटा वाहत होती.

गुरुवारी साहेब टेप घेऊन आले. म्बाहंच्या कोपऱ्यावर नदीची जुनी दगडी भिंत आत वळत होती. तिथे टेप दोन मीटर सत्तरवर थांबला.

"नियमात तीन आहे," साहेब म्हणाले. "घरं पाडायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

वार्सिनी पुढे आली. 

"मी सांगितलं," ती म्हणाली.

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि निकाल न सांगताच ते निघून गेले. पुढचे सात आठवडे वार्सिनीला अन्न गोड लागलं नाही. मोटारसायकल थांबली की पत्र आलं का म्हणून ती दारात यायची. इकडे लोक मात्र वाटेवर बसू लागले होते. भाज्या तिथेच चिरायच्या, भांडणंही तिथेच. बू तार्मीची कुरकुर चालूच होती, की आता सगळ्यांना माझ्या घरातलं दिसतं. मात्र तिचा कचरा ती पिशवीत बांधून नाक्यापर्यंत नेत होती.

शेवटी पत्र आलं. गल्लीचं नाव उठवायच्या वस्त्यांच्या यादीतून दोन वर्षांसाठी काढलं होतं, त्यानंतर पुन्हा पाहणी. कोपरा तेवढा रुंद करून घ्यायचा होता. लोकांनी आनंदाच्या दिवशी करतात तसा पिवळा भात करून वाटला. वार्सिनीने पत्रातलं 'दोन वर्षांसाठी' बोट ठेवून तीनदा वाचलं.

पावसाळ्याच्या अखेरीस सिनेम गेली. आजवर गल्लीतून मयत न्यायची तर तिरडी तिरकी करून, भिंतीला घासत न्यावी लागे. म्बाहंना त्याचीच धास्ती होती. आता नदीकडच्या नव्या वाटेने चौघे चार कोपऱ्यांना धरून सरळ, संथ चालत गेले, आणि प्रत्येक दारात माणसं उभी होती. म्बाहंनी मागून चालताना एकदा वार्सिनीकडे वळून बघितलं.

नंतर ते म्हणाले, तुझी खोली घे आता. ती म्हणाली, दार राहू दे, छत्र्या इकडे ठेवा. मग ती शेडकडे निघाली. वाटेत नदीचं पाणी भिंतीला किती चढलंय ते पाहायला थांबली, आणि पत्रातल्या दोन वर्षांतलं एक जवळजवळ संपत आल्याचं तिच्या ध्यानात आलं.