भरलेल्या कप्प्याची भीती

मित्रांनो, मी पत्र्याचा डबा आहे. आता जुना झालोय, झाकण नीट बसत नाही, एका कोपऱ्याला पोचा आहे. तो पोचा कसा पडला, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे. आठवलं की अजूनही माझा पत्रा थरथरतो.

माझा जन्म स्क्रू आणि वॉशर ठेवण्यासाठी झाला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीने मला विकत घेतलं. माझ्या आत पत्र्याचे कप्पे होते. मिस्त्री अंधाऱ्या खड्ड्यात उतरायचा आणि न बघता हात घालून हवा तो स्क्रू काढायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा.

मिस्त्रीचं लग्न झालं आणि त्याच्या बायकोची नजर माझ्यावर पडली. "असा कप्प्यांचा डबा स्क्रूंना कशाला? घरखर्चाच्या पैशांसाठी मला द्या." तिने मला गरम पाण्याने घासघास घासलं. तरी तेलाचा वास राहिलाच. तिने दिलेली नोट हुंगून किराणावाला म्हणायचा, "वहिनी, ही लिफ्टमधून आलेली दिसते!"

तिने कप्प्यांवर कागद चिकटवले. बाजार, वीज, औषधं, पाहुणे. शेवटचा कप्पा सुट्ट्या नाण्यांचा. घरात नियम एकच होता. "तुम्ही टाकायचं, मी काढायचं," ती म्हणायची. "दोघांचे हात आत गेले की भांडणं सुरू." मिस्त्री हसून म्हणायचा, "बरं, खजिनदारबाई." पगाराच्या दिवशी तो कप्पे भरायचा. नंतर पेन्शन आली, तरी नियम तोच राहिला. फक्त बाजाराच्या कप्प्यातून त्याने घेतलेलं चालायचं, कारण पिशवी घेऊन तोच जायचा. दोघांच्या गोळ्या मात्र तीच आणायची.

मग ती आजारी पडली, आणि गेली.

मित्रांनो, त्यानंतर घर फार शांत झालं. पेन्शनच्या दिवशी मिस्त्री बँकेतून आला, माझं झाकण उघडलं आणि नेहमीसारखे कप्पे भरले. विजेचं बिल वेगळी राहणारी त्याची मुलगी तिच्या फोनवरून भरू लागली होती. बाजाराच्या कप्प्यातून तो भाजीपुरते पैसे घ्यायचा. औषधांच्या कप्प्यात मात्र कोणाचाच हात गेला नाही. भरायचं काम त्याचं होतं, ते त्याने केलं. काढायचं काम तिचं होतं.

पुढच्या पेन्शनला त्याने त्याच कप्प्यात पुन्हा नोटा ठेवल्या. मी घाबरलो. फडताळात माझ्या शेजारी त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट असायचं. त्यातली शेवटची गोळी संपली, तरी त्याने ते रिकामं पाकीट तसंच परत ठेवलं. "आज बरं वाटतंय," तो स्वतःशीच म्हणाला. हे तो रोज म्हणू लागला. पाणी प्यायला उठला की फडताळाची कड धरून उभा राहायचा. त्याच्या बोटांचा दाब मला खालच्या फळीतून जाणवायचा.

आतापर्यंत मला भीती होती ती रिकामं होण्याची. महिनाअखेरीला तळ दिसला की खजिनदारबाईसुद्धा नाणी दोनदा मोजायची. पण हा कप्पा रोज भरलेला होता, आणि त्या भरलेपणाची मला धडकी भरत होती. सांगणार कोणाला? डब्याला तोंड असतं, पण ते दुसऱ्याने उघडावं लागतं.

एका रविवारी मुलगी आली. तिचा मामाही आला. मामा म्हणजे खजिनदारबाईचा धाकटा भाऊ.

"दाजी, आता हा डबा भंगारात द्या," मामा म्हणाला. "फोनमध्ये एक ॲप टाकून देतो. तुम्ही अठ्ठेचाळीस रुपयांची भाजी घेतली, की ते पन्नास कापून वरचे दोन रुपये आपोआप गुंतवणार. कळणारही नाही तुम्हाला."

"मामा, आधी हिशेबाचं ॲप हवं," मुलगी म्हणाली. "पैसा कुठे जातो ते तरी कळेल."

"अगं, हा माणूस खर्च करतोच कुठे? शर्ट बघ त्यांचा! माझ्या लग्नातला आहे."

"तुझ्या लग्नातला तरी आहे. तुझा कुठे आहे? पोट सुटलं म्हणून देऊन टाकलास ना?" मिस्त्री म्हणाला. किती दिवसांनी तिघं हसले. मग मिस्त्री म्हणाला, "दोन-दोन मला झेपायची नाहीत. एकच काय ते टाका. सुटे पैसे तीही बाजूला ठेवायची. मामाचंच टाका."

मित्रांनो, मी आतून गार पडलो. गुंतवणुकीचं ते ॲप वाईट नव्हतं. पण या माणसाच्या हाती ते म्हणजे आणखी एक कप्पा, ज्यात पैसे फक्त जाणार होते. मामाने मिस्त्रीचा फोन हातात घेतला.

"थांब, तिचा सुट्ट्या पैशांचा कप्पा दाखवतो," म्हणत मिस्त्री झटकन उठला. त्याने फडताळात हात घातला, मला उचललं आणि त्याचे डोळे फिरले. मी सुटलो आणि कोपऱ्यावर फरशीला आदळलो; हाच तो पोचा. तोही खाली बसला, भिंतीला घसटत. मला वाटलं, संपलं सगळं.

"बाबा!" मुलीने त्याला धरलं. मामाने पाणी आणलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. "काही नाही गं. उठताना होतं असं."

"होतं असं? म्हणजे रोज होतं?"

त्याने सांडलेल्या नाण्यांकडे हात नेला. मुलगी गुडघ्यांवर बसून नाणी गोळा करू लागली. औषधांच्या कप्प्यातल्या नोटा इतक्या दाबून भरल्या होत्या, की आपटूनही त्या जागच्या हलल्या नव्हत्या. तिने त्या बघितल्या. मग फडताळातलं रिकामं पाकीट बघितलं.

"बाबा, गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"आणल्या नाहीत."

"पैसे तर इथे आहेत!"

"ते कसे काढू? काढायची ती."

मामाने फोन खाली ठेवला. नाक पुसत म्हणाला, "ताईने तुम्हाला एवढं घाबरवून ठेवलं होतं होय, दाजी?"

मुलगी डोळे पुसत म्हणाली, "मामा, यांना साठवायला शिकवू नकोस. हिशेबाचंच टाक. औषधांचा खर्च शून्य राहिला, की माझ्या फोनवर दिसेल. तुझं पुढच्या वर्षी बघू."

मग तिने मला त्याच्या मांडीवर ठेवलं. "मी काढून देणार नाही. तुम्हीच काढा."

न बघता स्क्रू काढणारा तो हात माझ्यावर थांबला. "खजिनदारबाई, घेतो हं," तो हळूच म्हणाला आणि त्याने नोटा काढल्या. मुलगी त्याला धरून आधी डॉक्टरकडे आणि मग औषधाच्या दुकानात घेऊन गेली.

मी भंगारात गेलो नाही. पण भीती पुरती गेलेली नाही. जेवणानंतर गोळ्यांच्या पाकिटाचा चुरचुर आवाज ऐकू येईपर्यंत मी कान टवकारून असतो.

मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी मागे एकटं राहिलं असेल, तर फोनमध्ये काहीतरी टाकून देऊन निघून जाऊ नका. दोन घटका बसा. त्यांचा डबा उघडायला सांगा. काय संपलंय ते विचारा, आणि काय अजिबात संपत नाहीये तेही विचारा.

आज माझा औषधांचा कप्पा रिकामा आहे. तळाचा पत्रा दिसतो आहे, आणि मला फार बरं वाटतं आहे.