आबासाहेबांच्या जीपचं स्टिअरिंग

चिक्कडपल्लीच्या आमच्या गल्लीत एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. आमची जीप फक्त आबासाहेबांचंच ऐकते.

आबासाहेब म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. जीप त्यांनी मिलिटरीच्या लिलावात घेतलेली, आणि तिच्याबद्दल ते जितकं बोलायचे तितकं आम्हा पोरांबद्दल कधी बोलले नाहीत. दुसऱ्या कुणाच्या हाती ती धड चाललीच नाही. मेकॅनिकनं ती गटारात घातली, धाकट्या काकांनी विजेच्या खांबाला घासली. एकोणिसाव्या वर्षी मी हट्टानं चालवायला बसले आणि वीस पावलांत शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीवर गेले.

"आबा, स्टिअरिंग मी सरळच धरलं होतं," मी म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं," आबा म्हणाले, आणि गल्ली पोट धरून हसली.

त्यानंतर बारा वर्षं घरात कुठल्याही गाडीचा विषय निघाला की माझ्याकडे बघून कुणीतरी गालात हसायचंच. मी पुढे ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर शिकले, लायसन्स काढलं, दोन वर्षं मैत्रिणीची गाडी चालवली, कुठे ओरखडा नाही. तरी घरचं म्हणणं तेच. ती गाडी वेगळी, जीप वेगळी. खोटं कशाला बोलू, मलाही हळूहळू ते पटलं होतं. आपल्या हातातच काहीतरी खोट आहे असं मी धरून चालले होते.

तेव्हा सेल्युलर फोन नवीनच आले होते. त्यांचे टॉवर उभारणाऱ्या एका कंपनीत मी ड्रॉइंग काढायची. सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, आणि टेबलाशी बसून कंटाळा कंटाळा झालेला. टॉवर उभे राहायचे शामीरपेटकडच्या खडकांवर, गंडीपेटच्या पलीकडे, आणि मी त्यांच्या रेघा मारायची पंख्याखाली. दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी साहेबांनी बोलावून सांगितलं, साइट इंजिनिअरची जागा आहे, अट एकच. खडकावर चढेल अशी स्वतःची गाडी हवी. सोमवारी सकाळी आठला गाडीसकट हजर राहायचं, नाहीतर जागा कुलदीपला. कुलदीप माझ्यानंतर तीन वर्षांनी लागलेला आणि त्याला लेव्हल मशीन सरळ उभं करता येत नाही, पण त्याच्या मेव्हण्याकडे जीप होती.

आमची जीप दोन महिने जागची हलली नव्हती. स्टिअरिंगच्या कड्याला जुन्या भेगा होत्याच, आबांनी त्या सुतळी आणि टेप गुंडाळून चालवून घेतल्या होत्या. श्रावणात एक दिवस कडं दोन ठिकाणी तुटून त्यांच्या हातात आलं. तेव्हापासून ते म्हणू लागले होते, आता नव्या गाड्या आल्यात, हिला भंगारात देऊन टाकू.

"मी नवीन स्टिअरिंग बसवते," मी म्हणाले. "बसवलं तर जीप माझी. सोमवारी घेऊन जाईन."

आबांनी पेपर खाली केला. "बसव की. बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन दाखव. मग तुझी."

ते हसत होते. त्या हसण्यानं माझं जे डोकं फिरलं ते पुढचे तीन दिवस जागेवर आलं नाही.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर अफझलगंजला गेले. जुन्या पार्टच्या चार दुकानांत मान हलली. पाचव्यात एक म्हातारे दुकानदार माझ्याकडे बघत म्हणाले, "आपा, लोगां नवी गाड्यां ले रै, तुमे पुरानी जीप का ईस्टेरिंग कैकू ढूंढ रै?"

"चलाने के वास्ते," मी म्हणाले.

"हौ, वो भी सही है." त्यांनी माळ्यावरून एक काळं स्टिअरिंग काढलं. तीन दांड्यांचं, आमच्यासारखंच, पण अखंड. मग स्वतःहून पुलर दिला, पंजा पसरल्यासारखं दोन हातांचं अवजार, त्याशिवाय जुनं स्टिअरिंग शाफ्टवरून ओढून निघत नाही. "निशान लगाके निकालो," ते म्हणाले. "जैसा था, वैसाच बिठाव. सोमवार को वापस देव."

शनिवारी सकाळीच कामाला लागले. बॅटरीची वायर काढली, हॉर्नचं बटण काढलं, खालचा मोठा नट पान्यानं सोडवला. तो इतक्या वर्षांचा चिकटलेला, मी पान्यावर पाय देऊन उभी राहिले तेव्हा कुठे सुटला. मग म्हाताऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे खूण केली. स्टिअरिंगची वरची दांडी जिथे होती, त्याच्या बरोबर समोर शाफ्टच्या टोकावर खडूनं पांढरी रेघ मारली. शाफ्टला गोलाकार बारीक दाते असतात, स्टिअरिंग त्यांत कुठल्याही दात्यावर बसू शकतं. रेघ असली की नवीन बरोबर जुन्याच जागी बसतं. पुलर लावला, पिळला, आणि काड्कन आवाज होऊन जुनं स्टिअरिंग माझ्या मांडीत पडलं. आबा व्हरांड्यातून बघत होते.

हात धुऊन चहा घ्यायला आत गेले, तेवढ्यात घात झाला.

त्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा. माझी आई, मालनबाई, या बाबतीत कलेक्टरपेक्षा कडक. विळी, अडकित्ता, आबांची जुनी मोजपट्टी, शिलाई मशीन, सगळं पाटावर. मी बाहेर आले तर माझे दोन्ही पाने आणि पुलर हळदीकुंकू लावून पाटावर बसलेले. आणि जीप न्हाऊन निघालेली. आईनं बादली आणि चिंधी घेऊन ती पुढून मागून पुसली होती, चाकांखाली लिंबं ठेवली होती, आणि शाफ्टच्या उघड्या टोकावर पाच बोटं हळदीची, पाच कुंकवाची.

"आई, तिथं खडूची रेघ होती."

"रेघ होती? मला वाटलं, चुना उडालाय. स्वच्छ केलं बाई. देवाच्या गाडीवर डाग नको."

मी शाफ्टवर वाकून बघितलं. छत्तीस दाते, सगळे सारखे, सगळे हळदीकुंकवानं माखलेले.

"पाने तरी दे."

"उद्या उत्तरपूजा झाल्यावर. आज हत्यारांना विश्रांती."

मी तिच्याशी भांडले नाही. आईशी खंडेनवमीला भांडून आजवर कुणी जिंकलेलं नाही. पण रात्री झोप लागली नाही. जुनी जागा गेली होती, आणि ती माहीत असलेला माणूस एकच होता. आबांना विचारावं का? सकाळपर्यंत माझं ठरलं. विचारायचं नाही. नाही म्हणजे नाही. शाफ्टचा मध्य स्वतः शोधायचा. साइटवर जायला निघालेय, एक मध्य सापडत नसेल तर कुलदीपलाच जाऊ दे.

रविवारी दसरा. नऊला उत्तरपूजा आटपली, पाने हातात आले. नवं स्टिअरिंग मी शाफ्टवर नुसतं ठेवलं, नट न लावता. डावीकडे वळवत गेले, पुढची चाकं अडेपर्यंत. तिथून उजवीकडे, पुन्हा अडेपर्यंत, कड्यावर खडूची खूण करून फेरे मोजत. तीन फेरे आणि थोडं. ते निम्म्यानं परत आणलं. मग खात्री करायला मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळी ताणली. सुतळी चारही टायरांना सारखी टेकली, म्हणजे चाकं सरळ. मग स्टिअरिंग उचललं, वरची दांडी बरोबर समोर घेतली, दात्यांत बसवलं आणि नट आवळला. पुन्हा मोजलं, पुन्हा सुतळी लावली. बॅटरीची वायर आणि हॉर्नचं बटण परत लावून हॉर्न वाजवून बघितला. घामानं पाठ भिजली होती आणि मला फार बरं वाटत होतं.

"थांब," आबा म्हणाले. ते शर्ट घालून खाली आले होते. "आधी मी बघतो."

माझा नाइलाज होता, जीप अजून त्यांची होती. ते बसले, जीप सुरू केली, आणि जीप दहा पावलांत सरळ उजवीकडे जाऊन पेरूच्या झाडाला लागता लागता थांबली. त्यांनी मागे घेतली, पुन्हा गेले. पुन्हा उजवीकडे. समोरच्या गच्चीवर दोन बायका वाकून बघायला लागल्या.

"चुकीचं बसवलंस," आबा म्हणाले.

पुन्हा माझेच हात चुकले, असं क्षणभर वाटलं. मग मी सुतळी आणली. आबांना म्हणाले, स्टिअरिंगची दांडी समोर ठेवा आणि हलू नका. सुतळी ताणली. चारही टायरांना टेकली.

"बघा. चाकं सरळ आहेत. दांडी सरळ आहे. उजवीकडे तुम्ही नेताय."

ते सुतळीकडे बघत राहिले. मी टायरशी उकिडवी बसलेली, सुतळीचं टोक माझ्या बोटाला गुंडाळलेलं.

"तीन दाते," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"जुनं तीन दाते वाकडं होतं. धरणाच्या कामावर असताना मीच एकदा काढलं होतं, अन् घाईत वाकडं बसवलं. परत काढायचा कंटाळा केला. मग हाताला सवय झाली, थोडं उजवीकडं धरायची."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि उभी राहिले. माझी खडूची रेघ टिकली असती, तर ते वाकडेपण मी इमानदारीनं जसंच्या तसं बसवलं असतं, आज पुन्हा भिंतीवर गेले असते, आणि जन्मभर स्वतःलाच बोल लावला असता.

"तुम्हाला माहीत होतं. मी भिंतीवर गेले तेव्हाही."

"होतं."

"आणि सगळ्यांसमोर हसलात."

आबांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "ऑफिसात माझं कुणी ऐकायचं नाही, त्रिवेणी. घरात तुझी आई ऐकायची नाही. लोक म्हणायचे, जीप फक्त आबासाहेबांचंच ऐकते. ते बरं वाटायचं."

रडू आलं असतं तर सोपं गेलं असतं. मला राग आला, आणि त्यांची दयाही आली, आणि दया आली म्हणून जास्त राग आला. बारा वर्षं मी माझ्या हातांकडे संशयानं बघितलं होतं, या माणसाला बरं वाटावं म्हणून.

"उतरा," मी म्हणाले. "त्या बाजूला बसा."

ते उतरले, पुढून वळसा घालून आले आणि डावीकडे बसले. त्या सीटवर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी पहिला गिअर टाकला. जीप सरळ निघाली, पेरूचं झाड मागे गेलं, ती भिंतही मागे गेली. गल्लीच्या तोंडाशी दसऱ्याची माणसं उभी होती, आपट्याची पानं घेऊन, नवे कपडे घालून. आम्हाला बघून सगळे वळले.

शेजारच्या इंदुताई पुढे आल्या. "अगंबाई, आबासाहेब, आज तुम्ही तिकडे? अन् जीप हिचं ऐकते?"

आबा माझ्याकडे बघायला लागले, मी काहीतरी बोलून वेळ मारून नेईन म्हणून. मी जीप थांबवली. इंजिन चालू ठेवलं आणि समोर बघत म्हणाले, "सांगा त्यांना."

कुणी हसत नव्हतं.

"तिनं कुणाचंही ऐकलं असतं," आबा म्हणाले, आणि इंदुताईंना ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा, मोठ्यानं. "स्टिअरिंग मी वाकडं बसवलं होतं. त्या दिवशी पोरीची चूक नव्हती. माझी होती."

इंदुताईंनी हातातली पानं आधी आबांपुढे धरली होती. त्यांनी ती मागे घेतली आणि माझ्या बाजूला येऊन माझ्या हातात दिली.

मी पानं डॅशबोर्डवर ठेवली आणि जीप शामीरपेटच्या रस्त्याला घेतली. सोमवारी आठला हजर व्हायचं होतं, त्याआधी एखादी खडकाची चढण करून बघायची होती. आबांनी घरी सोड म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही.