माझ्या डोक्यावरचं भोक

हसू नका, मी कॉम्प्युटरचा डबा बोलतोय! दुकानात मला कॅबिनेट म्हणत, इथं भवानीनगरात सगळे सीपीयू म्हणतात. जन्माचा भित्रा आहे मी. पत्रा पातळ, पोटात दुसऱ्याचा जीव. भिऊ नको तर काय करू?

रोहिणीनं मला बारामतीहून आणलं. ती लग्नांच्या व्हिडिओचं एडिटिंग करते. तिच्या खोलीवर पत्रे आहेत. एप्रिलच्या दुपारी मी असा तापायचो, की दहा मिनिटांत सगळं बंद! आणि माझ्या पोटातल्या डिस्कमध्ये साखरबाईंच्या लेकीचं अख्खं लग्न. दुसरी प्रत नाही, कॅमेऱ्याचं कार्ड पुसून झालेलं. डिस्क जळाली तर साखरबाईंना तोंड कसं दाखवायचं, या धास्तीनं रोहिणीला घास गोड लागेना.

"याच्या डोक्यावर मोठा पंखा बसवायचाय," ती चुलत्यांना म्हणाली. कुंडलिकतात्या उसाच्या ट्रॉल्या बनवतात. त्यांनी ग्राइंडर उचलला आणि माझी बोबडीच वळली. पण त्यांनी तो परत ठेवला.

"पत्रा लई पातळ हाय, पोरी. हातानं शीक."

रोहिणीनं आतलं सामान काढून गादीवर ठेवलं. माझ्या डोक्यावर पिठाच्या डब्याचं झाकण ठेवून गोल आखला, कडेकडेनं भोकं पाडली, मधला पत्रा छन्नीनं तोडायला घेतला. छन्नी निसटली आणि माझ्या कपाळावर हा एवढा ओरखडा! ती रडकुंडीला आली.

"रडू नगं. माझ्या पयल्या ट्रॉलीचा मागचा दरवाजा, फाळकाच उलटा बसला हुता," तात्या म्हणाले.

चार दिवस कानस घासून तिनं कड गुळगुळीत केली. लोखंडाचा कीस चुंबकानं टिपला. पंखा बसला, सामान आत आलं, वायर जोडली. सुटलो बुवा, म्हटलं.

तेवढ्यात तात्यांच्या घरच्या, प्रयागकाकू, हळदकुंकू आणि नारळ घेऊन आल्या. या घरातली नवी ट्रॉली पूजेशिवाय रस्त्याला लागत नाही. रोहिणी अगरबत्ती आणायला वळली. काकूंनी उंबऱ्यावर नारळ फोडला आणि ट्रॉलीवर शिंपडतात तसं पाणी भक्तिभावानं माझ्या डोक्यावर ओतलं. नेमकं भोकात!

"काकू, न्हाय!" रोहिणी किंचाळली. तिनं वायर उपटली, मला पालथं केलं. पाणी ठिबकत होतं आणि मला साखरबाईंचा चेहरा दिसत होता. मेलो, मी म्हटलं, आणि लग्नही बुडवलं.

तीन दिवस सामान वाळत पडलं. काकूंनी अन्नाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी रोहिणीनं सगळं जोडून बटण दाबलं. काहीच नाही. मग डोक्यावरचा पंखा कुरकुरला, स्क्रीन उजळला आणि साखरबाईंची लेक हळदीच्या अंगानं हसली. रोहिणीनं डोळेसुद्धा न पुसता आधी लग्नाच्या दोन प्रती काढल्या.

आता मी थंड असतो. तळाला गंजाचा एक ठिपका राहिलाय, एवढंच. पण काकू खोलीत पाऊल टाकत नाहीत. दारातूनच बघतात, हात पदरात गुंडाळून.

"काकू, आत या की," रोहिणी काल म्हणाली.

"नगं बाय, माझा हात वाईट हाय."

अहो काकू, असं बोलू नका. भिण्याचं काम माझं, ते मी नीट करतो. तुम्ही या, या ओरखड्यावर कुंकवाचं बोट टेका. नारळाचं पाणी तेवढं रोहिणीला पाजा!