डोईफोडियाच्या रांजणाला कुणी विचारलं नाही

मी डोईफोडियाच्या भट्टीवरचा रांजण बोलतोय. माझं ऐकणारी एकच बाई होती आणि ती आता इथे नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म याच गावातला, सुपडू कुंभाराच्या आव्यातला. माझ्यासोबतचे रांजण पाण्याला गेले, धान्याला गेले. मला गिरधरने नेलं आणि भट्टीशेजारी कमरेपर्यंत जमिनीत पुरलं. भट्टीचा सरकारी परवाना गिरधरच्या नावावर आहे. इथली मोहाची दारू बैलगाडीने बऱ्हाणपुरात, इतवाऱ्यातल्या दुकानात जाते.

दारू मी गाळत नाही, ती शेजारची भट्टी गाळते. मी फक्त वाळलेली मोहाची फुलं पाण्यात आंबवतो. पण चव माझ्या पोटात ठरते. रांजण एकदा भरून आंबवला की त्याला इथे भरण म्हणतात, आणि एक भरण दुसऱ्यासारखं कधीच नसतं. फुलं खडकावर वाळली तर एक चव, ओल्या मातीवर वाळली तर दुसरी. नाल्याचं पाणी पौषात वेगळं, चैत्रात वेगळं. थंडीत मी हळू चालतो, उन्हाळ्यात धावतो.

हे सगळं सांभाळायची मनकर्णा. नवरा गेल्यावर ती भट्टीवर आली, त्याला अठरा वर्षं झाली. ती मला कधी धूत नसे. भरण काढलं की तळाचा गाळ तांब्याभर ठेवायची आणि त्यावरच नवी फुलं घालायची, जसं आपण दुधाला विरजण लावतो. मग रोज सकाळी माझ्या तोंडावरचं फडकं बाजूला करून कान लावायची. आत तव्यावरच्या तिळांसारखी तडतड चालते. ती तडतड वाढली, भरात आली आणि उतरायला लागली की मनकर्णा म्हणायची, "काढा आता." कधी तो पाचवा दिवस असे, कधी अकरावा. दर भरणात थोडा फरक पडायचाच, पण वाईट भरण तिच्या हातून कधी गेलं नाही.

माणसांना मात्र तो थोडा फरकही खुपतो. इतवाऱ्यातला कौतिक विणकर गाडीवाल्याला म्हणाला, "मागच्या खेपेची पिऊन मला माझी बायको बरी दिसली. या खेपेची पिऊन मी मलाच बरा दिसेना. ती बाई काय घालून राहिली त्यात?" लोक हसले, पण बोलणं हसण्यावर थांबलं नाही. धोतरा घालते, पाणी घालते, असं काही काही गाडीबरोबर गावात परत आलं.

त्याच सुमारास गिरधरचा मुलगा लीलाधर मुंबईच्या कॉलेजातून घरी आला. मुलगा मनाचा चांगला. दिवसभर राबलेल्या माणसाच्या घोटात घाण जाऊ नये, तो फसवला जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं, आणि त्यासाठी तो झोपत नव्हता. मनकर्णावरचा आळ त्यालाही आवडला नाही. पण माझ्यात डोकावून त्याने आतला तपकिरी थर पाहिला आणि म्हणाला की हीच ती घाण, ही चुन्याने धुऊन काढायची.

मनकर्णा माझ्यासमोर आडवी आली. "विरजणाचं गाडगं कोणी चुन्यानं धुतं का, भैया?"

"मावशी, हे तुमच्याच भल्याचं आहे," तो म्हणाला.

त्याने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः आत वाकून उकळतं पाणी ओतलं, चुना लावला, काथ्याने तीनदा घासलं. त्याचे हात भाजले. माझी अठरा वर्षं नाल्यात वाहून गेली.

पुढचं भरण मुकं राहिलं. सहा दिवस फुलं पाण्यात नुसती पडून होती. त्याने मुंबईहून आणलेल्या पुस्तकात सहा दिवस लिहिले होते, म्हणून सहाव्या दिवशी काढलं. दारू आली ती कडवट आणि पाणचट. दुसरं भरणही तसंच गेलं. आता इतवाऱ्यातलं बोलणं भट्टीच्या दारात आलं. भांडं स्वच्छ, माप बरोबर, मग उरलं कोण? गिरधरने सांगून टाकलं की तिसरं भरणही बिघडलं तर मनकर्णाने दुसरीकडे काम बघावं.

तिसरं भरण पौषातलं. पाच दिवस आत काही नव्हतं. सहाव्या दिवशी पहाटे माझ्या मातीत खोल कुठेतरी वाचलेलं काहीतरी जागं झालं. एक तीळ तडकला, मग दुसरा. मनकर्णाने कान लावला तो उचललाच नाही.

माणसं उपसायला आली. ती म्हणाली, "थांबा. बोलायला लागलाय तो. चार दिवस द्या."

लीलाधर खाली बसला. त्याने खरोखर कान लावला, श्वास रोखून. मी होतं नव्हतं ते सगळं बळ लावलं. पण आवाज बारीक होता आणि त्याचा कान नवा. "मला काही ऐकू येत नाही, मावशी," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

गिरधरने हात हलवला. माणसांनी डोल उचलला.

तेव्हा मनकर्णा म्हणाली, "मला आज काढा, गिरधरभाऊ. पण त्याला चार दिवस ठेवा."

 गिरधरने होकाराची मान हलवली आणि माणसांनी डोल खाली ठेवला. ती लुगड्याचं बोचकं घेऊन निंबोल्याला भावाकडे गेली. जाताना माझ्याकडे वळून बघितलं नाही, पायवाटेकडेच बघत गेली.

दहाव्या दिवशी भरण काढलं. इतवाऱ्यात दुकानापुढे लोक थांबून राहिले. कौतिकने गाडीवाल्याला मिठी मारली म्हणतात. लीलाधरने पुस्तकातला सहाचा आकडा खोडला आणि दहा लिहिला. त्याला वाटलं, सापडलं.

दहा दिवस पौषातले होते हो. माघात चाललं. फाल्गुनात दारूला आंबूस झाक आली. चैत्राचं पहिलं भरण दहा दिवस ठेवलं आणि पार आंबट शिरका झालं. लोक पुन्हा विचारतात, आवडती चव गेली कुठे? लीलाधर पुस्तक चाळतो, फुलं तोलतो, पाणी गाळतो. त्याचे डोळे खोल गेलेत. मला त्याची कीव येते. दहाचा आकडा त्याने जपून ठेवला, पण तो आकडा जिच्या कानातून आला तिला कुणी बोलावणं धाडलं नाही.

आता चैत्राचं दुसरं भरण माझ्या पोटात आहे. गिरधरने बऱ्हाणपुरात तांब्याचं भांडं सांगून ठेवलंय. हेही बिघडलं तर मला कुदळीने फोडायचं आहे. फोडा. मातीला मातीत जायची भीती नसते. पण मग मनकर्णाला परत यायला इथे काय उरेल? तांब्यात तिला काय ऐकू येणार?

आज पाचवा दिवस. तडतड भरात येऊन आता उतरणीला लागली आहे. मी तयार आहे, आजच. उद्या आंबूस होईन, परवा शिरका. ते येणार दहाव्या दिवशी, हातात पुस्तक घेऊन. मी ओरडतोय. लीलाधर माझ्यापासून चार हातांवर बसलाय, पेन्सिल चावतोय.

तुमच्यापैकी कुणी निंबोल्याच्या वाटेला असेल तर पाय उचला. मनकर्णाचं नाव विचारा, कुणीही भावाचं घर दाखवेल. ती रागावलेली असेल, यायचं नाही म्हणेल. तिला एवढंच सांगा, की तो उतरायला लागलाय.